वालुरात आणीबाणी

आमच्या घरात फोटो काढणारे सगळेच आहेत, बघणारं कुणी नाही. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावानं श्रमदान करून गाळामातीतून मोकळी केली, 2022 साली टपाल खात्यानं महाराष्ट्रातल्या आठ बारवांची चित्रकार्डं काढली त्यात तिला जागा मिळाली, आणि तेव्हापासून आमच्याकडं आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी बारवेवर न्यायचा रिवाज पडला. पाहुणा काठावरून फोटो काढतो, पायऱ्या उतरताना काढतो, तळाशी जाऊन आभाळाकडं मोबाइल धरून काढतो, मग हात लांब करून स्वतःला मध्ये घालून काढतो. घरी येऊन म्हणतो, "मोबाइल भरलाय हो. हे तेवढे तुमच्याकडं टाकून ठेवा. नंतर घेतो." नंतर तो कधीच घेत नाही. त्या एका बारवेचे आमच्याकडं इतके फोटो साठलेत की उद्या कुणी सगळ्या पायऱ्या उचलून नेल्या, तरी फोटो बघून दगडाला दगड लावत ती परत बांधता येईल. फक्त प्रत्येक पायरीवर कुणाचा तरी मेहुणा उभा असेल.

हे सगळं कुठं ठेवायचं, या प्रश्नावर पुण्यात कॉम्प्युटरमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्यानं तोडगा काढला. घरात एक जुना असेंबल केलेला कॉम्प्युटर होता. त्याचा मॉनिटर काढून माळ्यावर टाकला, उरलेल्या डब्यात तीन हार्ड डिस्क बसवल्या, डबा माजघरात धान्याच्या कोठीशेजारी ठेवला आणि वाय-फायच्या राउटरला वायर जोडली. "काका, आता हा तुमचा होम सर्व्हर. घरातल्या कुणाच्याही मोबाइलवरून सगळे फोटो दिसणार." घरातल्या कुणीही मोबाइलवरून एकही फोटो बघितला नाही. पण डब्यावर निळा दिवा लुकलुकतो, आणि आलेल्या माणसाला तो दाखवता येतो. मला तेवढं पुरे होतं. गावात ट्रॅक्टर पुष्कळांकडं आहे, सर्व्हर आमच्याकडंच.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलोय. तिचा अर्थ काय, हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण आमच्या डब्यात ती अक्षरशः उतरली आहे. त्यात ओपनमीडियाव्हॉल्ट नावाची जी फुकट मिळणारी प्रणाली चालते, तिचा कर्ता फोल्कर थायले हा जर्मन. बाकीचं, म्हणजे वीज, धूळ आणि सल्ले, परभणीचं.

तर पुतणीचं लग्न झालं. शूटिंगवाल्यानं ड्रोन उडवला होता. अक्षता पडताना वरून, पंगत बसताना वरून, आणि आचारी चुलीमागं तंबाखू मळत असताना तोही वरून. आठवडाभरानं त्यानं ते सगळं आणून दिलं, आणि डबा भरला. पुतण्यानं पुण्याहून आठ टेराबाइटची नवी डिस्क कुरियरनं पाठवली. ती हातात घेऊन मी घरात फिरलो. आठ टेराबाइट म्हणजे किती, असं कुणी विचारावं अशी माझी फार इच्छा होती. कुणी विचारलं नाही. शेवटी मीच चुलत्यांना गाठलं.

"तात्या, 1956 साली आयबीएम कंपनीनं पहिली हार्ड डिस्क काढली. दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या. वजन टनभर. आणि मावत काय होतं? पन्नास लाख अक्षरं. आपल्या पोरीच्या लग्नातला एक मिनिटाचा ड्रोनही त्यात बसला नसता."

तात्या निवृत्त शिक्षक. त्यांनी माझ्या तळहातावरची डिस्क बघितली आणि म्हणाले, "टनाची होती तर हरवत तरी नसंल."

दुपारी डबा उघडला. आत उंदराच्या लेंड्या, गव्हाचे दाणे आणि एक वाळलेली पाल निघाली. ते झाडून डिस्क बसवली, बटण दाबलं. जुन्या तीन डिस्क घरघरल्या. नवी गप्प. कानाला लावली तर हूं नाही की चूं नाही. तोवर घरात बातमी फुटली होती.

गावात बैल आजारी पडला तर चार माणसं जमतात आणि चौघं चार औषधं सांगतात, पण निदान त्या चौघांनी बैल पाळलेला असतो. डिस्कच्या बाबतीत ही अटही नव्हती. मोटारी बांधणारा वायरमन म्हणाला, "कंडेन्सर गेला." त्यात कंडेन्सर आहे की नाही हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आई म्हणाली, "नवी वस्तू, हळदीकुंकू न लावताच चालू केली." सुट्टीला आलेले आमचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, कुठल्याही यंत्राला एकच उपाय सांगतात. "फॉर्मेट मार." मोबाइल अडकला, फॉर्मेट मार. टीव्हीला मुंग्या आल्या, फॉर्मेट मार. त्यांचा ट्रॅक्टर एकदा चढावर बंद पडला तेव्हा त्यांनी काय केलं, हे विचारायचं माझं राहूनच गेलंय.

पुतण्यानं मात्र फोनवर लक्षणं ऐकून निदान केलं. या नव्या जातीच्या काही डिस्कमध्ये अशी सोय असते की वीज देणाऱ्या जागेतल्या तिसऱ्या पिनेला 3.3 व्होल्ट मिळाले की डिस्कनं झोपून राहायचं. मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये हजारो डिस्क असतात. त्यातली एखादी बसल्या जागेवरून बंद-चालू करता यावी म्हणून ही युक्ती. आमच्या डब्यातला पॉवर सप्लाय जुना. तो त्या तारेतून 3.3 व्होल्ट अखंड सोडत राहतो. म्हणजे आमची डिस्क बिघडलेली नव्हती, फार आज्ञाधारक होती. झोप म्हटलं की झोपत होती, आणि आम्ही दर सेकंदाला तिला झोप म्हणत होतो.

"मग करायचं काय?"

"काका, तिसऱ्या पिनेवर टेप चिकटवा. तिला वीजच पोचू द्यायची नाही."

मला जरा वाईट वाटलं. आठ टेराबाइटची वस्तू, आणि उपाय चिकटपट्टी! पण कामाला लागलो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराकडून पिवळी, उष्णता सोसणारी टेप आणली. त्यानं कात्रीनं ती गहू फोडावा तशी बारीक करून दिली. डिस्कच्या मागं सोनेरी पिना ओळीनं बसवलेल्या असतात. विजेच्या बाजूला पंधरा. त्यातली डेटाच्या खाचेकडून तिसरी. एकेक पिन सव्वा मिलिमीटरवर. बायकोचा भुवयांचा चिमटा घेतला, चष्म्यावर वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, पेपर वाचायचं भिंग धरलं, मुलानं वरून टॉर्च मारला. टेप कधी दुसऱ्या पिनेवर बसायची, कधी चौथीवर, बऱ्याचदा माझ्या अंगठ्याला. एकदा बरोब्बर तिसरीवर बसली आणि नेमका पंख्याचा वारा आला. ती उडालेली पट्टी संध्याकाळी आईला वरणात सापडली. सुईत दोरा ओवताना घरातली माणसं जशी आपसूक तोंड उघडी टाकतात, तशी त्या वेळी सगळी उभी होती, आणि दाजी हळूच म्हणत होते, "फॉर्मेट..."

शेवटी टेप बसली. बटण दाबलं. डिस्कनं एक लांब श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि ती फिरू लागली. आईनं आतून विचारलं, "आता तरी कुंकू लावलं का?" लावलं होतं.

आता निळा दिवा लागायला हवा होता. तो लागला नाही. माळ्यावरचा मॉनिटर उतरवून जोडला. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं सरकत होती. एका ओळीवर येऊन ती थांबली आणि दीड मिनिटाचं घड्याळ मोजू लागली. दीड मिनिट संपलं. मग मजकूर आला की आपण इमर्जन्सी मोडमध्ये आहात.

तात्यांनी चष्मा लावून वाचलं. "इमर्जन्सी? परत लावली?"

"तात्या, ही कॉम्प्युटरची आहे."

"पंचाहत्तरला निदान रेडिओवर येऊन सांगितलं होतं. ह्यानं न सांगताच लावली." मग जरा थांबून, "ती एकवीस महिने चालली. ही किती चालंल?"

पडदा रूटचा पासवर्ड मागत होता. तो पुतण्यानं गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवला होता. आमच्या घरात गेल्या वर्षीचं कॅलेंडर म्हणजे फडताळात अंथरायचा कागद. मसाल्यांचे, डाळींचे, लोणच्याचे सगळे डबे खाली उतरवले. कागद सापडला, पासवर्डही सापडला, पण मधल्या एका अक्षरावर लोणच्याच्या तेलाचा डाग होता. ते पाच होतं की इंग्रजी एस, यावर घरात दोन पक्ष पडले. अण्णा म्हणाले पाच, बायको म्हणाली एस. एस निघाला. अण्णा त्यानंतर जेवताना फारसं बोलले नाहीत.

एव्हाना एक चमत्कार घडला होता. ज्या फोटोंकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, ते सगळे त्या एका दुपारी सगळ्यांना तातडीनं हवे झाले. बायकोला विहीणबाईंना मांडवातला फोटो आत्ताच पाठवायचा होता. अण्णांना एका जुन्या खरेदीखताचा स्कॅन हवा होता. सातबारा सरकारनं 2018 पासून डिजिटल सहीचा, घरबसल्या काढता येईल असा केलाय, तो काढून देतो म्हटलं, तर म्हणाले, "ते सरकारचं. मला माझं बघायचंय." मुलाला चौथीतल्या स्नेहसंमेलनाचा फोटो हवा होता, ज्यात तो झाड झाला होता. आणि बारवेवर फोटो काढून गेलेल्या एका पाहुण्याचा नेमका त्याच दिवशी फोन आला. "अहो, ते फोटो नंतर घेतो म्हणालो होतो ना..."

प्रत्येक जण जाता-येता मला विचारत होता, "झालं का?" दुसरं वाक्यच नाही. मी डब्यात डोकं घालून बसलेला असताना, "झालं का?" मी हात धुवायला उठलो, "झालं का?" आमच्याकडं ऑपरेशन थिएटरच्या दाराशीसुद्धा माणसं हेच विचारतात, आणि डॉक्टर काय म्हणत असतील ते मला त्या दिवशी कळलं.

पुतण्याला परत फोन लावला. टॉवरला रेंज होती ती नुसती बोलण्यापुरती, फोटो जात नव्हता. त्यानं पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायला लावलं. मग पलीकडं जरा वेळ शांतता. मग, "अच्छा, अच्छा." डॉक्टर, मेकॅनिक आणि कॉम्प्युटरवाले 'अच्छा, अच्छा' म्हणाले की चूक त्यांच्या बाजूची आहे असं खुशाल समजावं.

भानगड अशी होती. कॉम्प्युटर डिस्कना नावानं ओळखत नाही, रांगेतल्या नंबरानं ओळखतो. पहिली एसडीए, दुसरी एसडीबी, तिसरी एसडीसी. पहिलीवर प्रणाली, दुसरीवर फोटो, तिसरीवर व्हिडिओ अशी आमची मांडणी. नव्या डिस्कची वायर आखूड, ती पोचली त्या सॉकेटला लावली, आणि ते सॉकेट नेमकं फोटो आणि व्हिडिओंच्या डिस्कच्या आधीचं निघालं. कॉम्प्युटरनं चालू होताना रांग मोजली. नवी, कोरी डिस्क एसडीबी झाली, फोटोंची डिस्क एसडीसी झाली, व्हिडिओंची एसडीडी. आणि एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं की एसडीबीवर फोटो आहेत, जाऊन उघडा. तो गेला, बघतो तर कोरी पाटी. दीड मिनिट वाट बघून त्यानं आणीबाणी पुकारली.

जर्मन माणसानं खरं तर हे घडू नये अशी व्यवस्था केलेली आहे. त्याच्या पद्धतीनं डिस्क जोडली तर प्रणाली प्रत्येक डिस्कची कायमची खूण लिहून ठेवते, नंबर कितीही बदलो. पण आमच्या पुतण्याला सरळ रस्ता आवडत नाही. त्यानं ती ओळ हातानं लिहिली होती. "तेव्हा तीनच डिस्क होत्या ना काका." हे वाक्य मी आमच्या गावातल्या प्रत्येक अरुंद गल्लीबद्दल ऐकलेलं आहे. तेव्हा बैलगाडीच होती ना.

"आता तात्पुरतं असं करा. त्या ओळीत नोफेल असं लिहा. म्हणजे डिस्क सापडली नाही तरी तो अडून बसणार नाही."

लिहिलं. डबा चालू झाला, निळा दिवा लागला, घरात जल्लोष झाला. बायकोनं मोबाइलवर लग्नाचं फोल्डर उघडलं. आत बारव. अक्षतांच्या जागी बारव, सप्तपदीच्या जागी बारव, विदाईला पायऱ्यांवर मेहुणे. फोटोंचं फोल्डर उघडलं तर रिकामं.

"अहो, पोरीचं लग्न कुठं गेलं?"

तात्या म्हणाले, "विहिरीत."

मग खरा उपाय सुरू झाला. प्रत्येक डिस्कची एक कायमची खूण असते, छत्तीस चिन्हांची. आकडे, ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं आणि मध्ये चार आडव्या रेघा. ती पडद्यावरून वाचायची, पुतण्यानं पलीकडं लिहून घ्यायची, आणि त्यानं परत वाचून दाखवली की मी टाइप करायची. मीच वाचून मीच का टाइप करू नये, असं मी विचारलं. "काका, तुमचा चष्मा," तो म्हणाला. विषय संपला.

"चार, सात, बी."

"बी की डी?"

"बी. बारवेतला बी."

"पुढं?"

"डी. दुधनेतला. मग नऊ. मग सी, चारठाण्यातला. मग ए, औंढ्यातला. मग ई."

"ई कशातला?"

"येलदरीतला."

"काका, येलदरी वायनं सुरू होते."

"बोलताना ई येतो."

"या खुणेत वाय नसतोच."

"मग ई आहे हे तुला कळलं ना? पुढं लिही."

अण्णा शेजारी बसून हे ऐकत होते. ते मध्येच म्हणाले, "एवढ्या गावांत मानवत कसं नाही आलं?" एम या खुणेत येत नाही हे त्यांना पटवण्यात बराच वेळ गेला. एवढ्या लांब नंबरात मानवतला जागा नसावी, यात त्यांना काहीतरी राजकारण दिसलं.

दुसऱ्या डिस्कची खूण निम्म्यावर आली असताना लाईट गेली. आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे, टीव्ही आणि राउटर आहेत. कुटुंबाच्या प्राधान्यक्रमात सर्व्हर पीठगिरणीच्या खाली येतो. लाईट आली तेव्हा पुतण्याची मीटिंग चालू होती. मीटिंग संपली तेव्हा लाईट गेली. हा खेळ बराच चालला. मधल्या वेळात दाजींनी आईला पटवून दिलं होतं की मी सुरुवातीलाच फॉर्मेट मारलं असतं तर एव्हाना सगळं झालं असतं. ते खरं होतं. सगळंच झालं असतं.

रात्री उशिरा दोन्ही खुणा जागच्या जागी बसल्या. फोटोंच्या जागी फोटो आले, लग्नाच्या जागी लग्न. मग नवी डिस्क तयार करून प्रणालीला दाखवली. पडद्यावर आकडा आला, 7.27.

अण्णांनी आयुष्यभर सेलू आणि मानवतच्या बाजारात कापूस घातलाय. त्यांना माप कळतं.

"किती घेतले होते?"

"आठ."

"भरले किती?"

"सव्वासात."

"कट्टी कापली."

मी समजावलं की कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या पटीत, त्यामुळं आठाचे सव्वासात दिसतात. वस्तू तेवढीच असते, मापं दोन आहेत.

"कट्टी कापताना व्यापारी हेच सांगतो," अण्णा म्हणाले.

लग्न नव्या डिस्कवर न्यायचं काम रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही चालणार होतं. मे महिना. बाहेर पारा 44 च्या पुढं, माजघरात वारा नाही, आणि डिस्कचं तापमान 50 च्या वर सरकायला लागलं. साठाच्या आत ठेवा, असं पुतण्यानं बजावलं होतं. घरात कूलर एकच. तो अण्णांच्या खाटेकडं तोंड करून असतो. मी तो हळूच जरासा फिरवला. मग आणखी जरासा. अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "त्याला घाम यायलाय का?"

"नाही, पण तापलंय."

"मग मला येऊन गेलेला घाम कुणी पुसायचा?"

तडजोड अशी झाली की कूलर दोघांच्या मध्ये ठेवायचा, अर्धा वारा अण्णांना, अर्धा लग्नाला. बायकोनं डब्यावर ओला पंचा टाकायची सूचना केली. तिचा हेतू चांगला होता. मी नको म्हटलं आणि रात्री दोनदा उठून तिनं तो टाकलेला नाही ना, हे बघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम पुरं झालं. मी सगळ्यांना हाक मारून सांगितलं की आता ज्याला जो फोटो हवा तो बघा. बायको म्हणाली, विहीणबाईंना शूटिंगवाल्यानं परस्पर पाठवलाय. अण्णांना खरेदीखताची मूळ प्रत ट्रंकेत सापडली होती. मुलगा म्हणाला, "राहू द्या, झाडच तर होतो." पाहुण्यानं फोन उचलला नाही.

एकट्या दाजींनी मनापासून चौकशी केली. डब्याजवळ मांडी घालून बसले, निळा दिवा बघितला, किती जागा उरली ते विचारलं. पुष्कळ उरलीय, म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"मग माझ्या मोबाइलमधलं तेवढं टाकून घेता का? लई भरलाय."

"दाजी, त्यात एवढं आहे तरी काय?"

"काही विशेष नाही. सकाळचे सुविचार."

"किती?"

"2016 पासूनचे. पण सगळे ग्रुप धरून."